कौले, नग बावीस

क्लॉडिया नावाला वळून बघत नाही, या एका काळजीने मार्चपासून मेपर्यंत मी धड झोपले नाही. बाकी सगळं तिला ऐकू येतं. दोन खोल्यांपलीकडे बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला तरी हजर होते. ‘बाय गो’ म्हटलं की येते. शेजारच्या अजयची स्कूटर फाट्यावर असतानाच ओळखते. फक्त नाव घेतलं की काही नाही. पाठ माझ्याकडे, हातातला खेळ तसाच चालू. जणू मी दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतेय आणि त्यात पडायचं तिला काही कारण नाही.

मी शिकलेली आई आहे, म्हणजे आयांमधला सगळ्यात त्रासदायक प्रकार. मोबाइलवर शोधून शोधून मी माझ्या चार वर्षांच्या मुलीला सात आजार लावले. कुडाळला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला हेडफोन घालून काचेच्या खोलीत बसवलं, बारीकसारीक आवाज ऐकवले, आणि बाहेर येऊन म्हणाले, “हिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. तुम्ही झोपता का नीट?”

“झोपते,” मी म्हटलं.

माझा नवरा स्टॅनली बोटीवर असतो. फोनवर त्याला सांगितलं तर हसायला लागला. “चार वर्सांचा पोर ता. आयकणा नाय म्हंजे बरा आसा. मिया तरी खंय आयकतंय तुझा?”

डॉक्टरांना आणि स्टॅनलीला एक गोष्ट मी सांगितली नव्हती. ती इथे सांगते. सांगताना माझी मलाच लाज वाटते. पण त्यातली लाज कुठे संपते आणि भीती कुठे सुरू होते, हे आता मला वेगळं काढता येत नाही.

आमचं घर मालवणहून एसटीने पाऊण तासावर, सड्याच्या पायथ्याशी. सडा म्हणजे वरचा काळा कातळ. मैलभर सपाट, झाड नाही, सावली नाही, वारा मात्र बारा महिने. त्या वाऱ्यासाठी कंपनी आली. एकोणीस पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. माझं माहेर आरोंद्याचं, शिक्षण पलीकडे गोव्यात, पदवी समाजकार्याची, आणि लग्नानंतर उद्योग काय, तर भाकऱ्या. कंपनीने मला ‘ग्रामसंपर्क प्रतिनिधी’ केलं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. गावात फिरून कुठे काय आहे ते भरायचं: विहिरी, देवळं, खुरीस म्हणजे क्रूस, दफनाच्या जागा. “गावातलंच माणूस असेल तर काही सुटणार नाही,” असं मी मुलाखतीत म्हणाले होते. त्यांना ते फार आवडलं.

सड्यावर चढणारा रस्ता एकच, आणि त्याला एक मोठं वळण आहे. वळणाच्या आतल्या अंगाला आमची सिमितेर, ख्रिस्ती लोकांची दफनभूमी. चिऱ्यांची भिंत, आत पांढरे खुरीस, कोपऱ्यात जुना खुरचाफा. भिंतीच्या बाहेर, रस्ता आणि भिंत यांच्यामध्ये, एक रिकामा तुकडा होता. करवंदीची जाळी, वाळकं गवत, बस. त्या तुकड्याला गावाचा एकच नियम होता. तिथून जाताना पोराला नावाने हाक मारायची नाही. बाय म्हणा, बाबू म्हणा, नुसतं ‘ए’ म्हणा. पण नाव घ्यायचं नाही.

हा नियम मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळला. शेजारचा लहानगा अनिश आमच्यापुढे धावत होता आणि वरून ट्रक येत होता. मी “अनि...” म्हटलं आणि सासूबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचं अक्षर घशातच राहिलं. सासूबाईंचं नाव कोन्सेसांव. घरात सगळे त्यांना माय म्हणतात. माय स्वतः धावली, अनिशला सदऱ्याला धरून मागे ओढलं आणि मग मला म्हणाली, “वळान सरांदे. मगे घे नाव.”

“कित्या, माय?”

“तशी रीत.”

मला ते गोड वाटलं होतं. खरंच. मैत्रिणींना मी ते किस्सा म्हणून सांगायचे.

टॅबवरच्या फॉर्ममध्ये रकाना होता: ‘रस्त्यालगतची दफने, संख्या’. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, वहीत भिंतीबाहेर कुणाचीच नोंद नव्हती. तिथे खुरीस नव्हता, साधा दगड नव्हता. तरी मी मायला विचारलं. ती मागच्या पडवीत बांगडे साफ करत होती.

“माय, भिंतीभायर कोण पुरलेलो आसा?”

तिचे हात थांबले नाहीत. “नाय.”

“नक्की?”

“नाय म्हटलंय मां.”

मी भरलं: शून्य. त्याच्याखाली ‘इतर माहिती’ असा रकाना होता. ‘येथे मुलांना नावाने हाक मारत नाहीत’ असं लिहायला माझं बोट उचललंही गेलं होतं. पण ते गुरुप्रसाद सर वाचणार. ते कंपनीचे साइट इंजिनिअर, भला माणूस, तोंडावर हसले नसते. पण चहाच्या वेळी कुणाला तरी सांगितलं असतं, आणि मी शिकलेली राहिले नसते. मी भरलं: लागू नाही.

पवनचक्कीचं एक पातं साठ मीटरच्या वर. ते आमच्या वळणावर वळणार नव्हतं. म्हणून डिसेंबरात वळणाचा आतला कोपरा कापायचं ठरलं. सिमितेरीच्या भिंतीला धक्का लागणार नव्हता. फक्त बाहेरचा तो तुकडा जाणार होता. तिथे काही नव्हतंच. मीच लिहिलं होतं.

जेसीबीच्या दातांना पहिल्याच तासात कौलं लागली. जुनी मंगलोरी कौलं, मातीने भरलेली. गंमत म्हणजे ती पसरलेली नव्हती. दोन कौलं एकमेकींना टेकवून, घराच्या छपरासारखी, जमिनीत उभी. थोड्या अंतरावर आणखी दोन. मग आणखी दोन. खाली काही नाही, नुसती तांबडी माती, पण आजूबाजूच्या मातीपेक्षा मऊ.

“जुनं घर असेल कुणाचं,” गुरुप्रसाद सर म्हणाले.

“एवढंसं घर?” मी म्हटलं.

“कोंबड्यांचं असात,” जेसीबीवाला म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. मी हसले होते, हे इथे लिहून ठेवते.

काही निघालं की नोंद करावी लागते. मी उन्हात उभी राहून मोजली. ‘जुनी कौले, नग बावीस, बेवारस.’ सरांनी सही केली. मग कौलं फोडून नव्या रस्त्याच्या भरावात घातली आणि वरून रोलर फिरवला.

संध्याकाळी घरी निघाले तर माय वळणावर उभी. पाऊस नाही, ऊन उतरलेलं, तरी हातात छत्री. छत्रीच्या टोकाने ती नव्या खडीत टोचत होती.

“कौला खंय गेली गो?”

“भरावात. कित्या?”

ती बराच वेळ टोचत राहिली. मग म्हणाली, “चल. जेवणाचा बघूया.”

कौलांचं मी तिला सांगितलंच नव्हतं, हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं.

मार्चमध्ये पहिलं पातं आलं. भर दुपारी. सगळं गाव वळणावर जमलं होतं. शाळेची पोरं रांगेत, कुणीतरी कोकम सरबताची बादली आणलेली, हवेत काजूच्या मोहराचा गोडसर वास आणि त्यावर चढलेला डिझेलचा. आमच्या वाडीतले भाई, वय सत्तर, जीभ विशीची, ते गुरुप्रसाद सरांना विचारत होते, “सायबानु, ह्या पात्यान माझ्या घराक लायट गावतली?”

“भाई, वीज ग्रिडमध्ये जाते. तिथून लांब...”

“म्हंजे माका नाय. मगे माका काय?”

“वारो!” मागून अजय ओरडला.

“तो आदीच होतो मां, मेल्या!”

सगळे हसले. सरसुद्धा. तेवढ्यात वळणाच्या खालून ते दिसायला लागलं. किनाऱ्याला लागलेला देवमासा कुणी गाडीवर चढवावा तसं. पांढरं, लांब, संपतच नव्हतं. ट्रेलर मुंगीच्या पावलाने चढत होता. पात्याचं बूड पुढे होतं, गोल आणि पोकळ, आत माणूस सरळ उभा राहील एवढं. त्यावरचं कापड फाटून लोंबत होतं. त्या उघड्या तोंडावरून वारा गेला की बाटलीवर फुंकर घातल्यासारखा आवाज यायचा. फार खोल. एखादी बाई तोंड मिटून पोराला निजवते, तसा.

मी तो आवाज ऐकत राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. हातातली क्लॉडियाची बोटं सुटलेली मला कळलीच नाहीत.

“बाय!” मी ओरडले. “बाय गो!”

आता आमच्याकडे प्रत्येकच मुलगी बाय. गर्दीतल्या दहा मुलींनी माना वळवल्या, दहा आयांनी आपापल्या बाया घट्ट धरल्या. माझी नव्हती. ट्रेलरची चाकं माझ्या कमरेएवढी, एकामागून एक, आणि ती वळत होती. मी गुरुप्रसाद सरांच्या हातातला माइक ओढला. विचार केला नाही. विचार केला असता तरी दुसरं काय केलं असतं?

“क्लॉडिया! क्लॉडिया! क्लॉडिया!”

रस्त्यापलीकडे माय उभी होती. ती दोन्ही हात हलवत होती, काहीतरी सांगत होती. शब्द मला ऐकू आले नाहीत, पण ओठ दिसले. नाव घेव नको... नाव घेव नको गो... माझ्या आजूबाजूच्या म्हाताऱ्या बायकांपैकी एकीने क्रॉस केला, दुसरीने पदर तोंडावर घेतला.

मी हाका मारत राहिले. आवाज त्या पोकळ पात्यात शिरायचा आणि आतून परत यायचा. क्लॉडिया... क्लॉडिया... पहिला माझा होता. नंतरचे बारीक होत गेले. शेवटचे माझे नव्हते. एवढंच सांगू शकते. कुणीतरी नवीन शब्द तोंडात घोळवून बघावा, तसे ते होते.

ती भिंतीच्या कडेला सापडली. रोलर फिरवलेल्या नव्या जमिनीवर मांडी घालून बसली होती, आणि भिंतीवरून पडलेली चाफ्याची फुलं एका ओळीत मांडत होती. ट्रेलर तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला असावा. मी तिला उचललं, चापट मारली, पापे घेतले, सगळं एकदम.

“क्लॉडिया, हाक आयकाक येय नाय तुका?”

तिने माझ्याकडे बघितलं. रडली नाही.

“ममा,” ती म्हणाली, “कोणाक बोलावतंस?”

त्या दिवसापासून ती नावाला वळली नाही.

मे महिन्यात पहिल्या पाच पवनचक्क्या फिरायला लागल्या. आवाज फार मोठा नसतो, असं मी गावसभेत कागदावरून वाचून दाखवलं होतं. मोठा नाहीच. पण थांबत नाही. घुस्स... घुस्स... घुस्स... कुणीतरी उशाशी बसून श्वास घेतंय असा. त्याच्यावरून बोलायचं तर जोर लावावा लागतो. आता आमच्या वाडीत हळू कुणी बोलत नाही. भांडण काय, गुपित काय, देवाची प्रार्थना काय, सगळं ओरडून.

एका दुपारी मी सुकट भाजत होते. घरभर तो वास. जेवायची वेळ झाली म्हणून मागच्या दारात जाऊन मोठ्याने हाक मारली. सवयीने नावच आलं तोंडात.

“क्लॉडिया! जेवूक ये!”

“ओ...”

मी इतकी खूश झाले की चपला न घालता अंगणात उतरले. आवाज वळणाच्या बाजूने आला होता. एकटी तिथवर गेली म्हणून राग, आणि ओ दिली म्हणून आनंद.

“क्लॉडिया! खंय आसंस गो?”

“ओ...”

हा जरा जवळून आला. आणि हा आवाज पहिल्यासारखा नव्हता. याला थोडी खरखर होती, मुलग्याच्या आवाजाला असते तशी. मी काजूच्या झाडाखाली थांबले. वाळलेला पाला होता, त्यावर कुणी चाललं असतं तर वाजला असता. वाजला नाही.

मी मागे वळले. स्वयंपाकघराच्या दारातून आतला ओटा दिसत होता, आणि ओट्याखाली क्लॉडिया बसली होती. मघापासून तिथेच असणार, कारण तिने भोवती खेळ मांडला होता. पाढ्याची आणि चित्रांची, अशा दोन वह्या एकमेकींना टेकवून तिने छप्पर केलं होतं. त्याच्याखाली काहीच ठेवलं नव्हतं.

मायही मधल्या दाराशी येऊन उभी होती. माझ्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, “तू पण आयकलंस?”

सुकट तव्यावर करपत होती. मी गॅस बंद केला.

माय पाटावर बसली आणि माझ्याकडे न बघता, ओट्याखालच्या त्या दोन वह्यांकडे बघत बोलायला लागली. चौऱ्याऐंशी साल. स्टॅनलीच्या आधीचा तिचा पहिला मुलगा. “सकाळी झालो. दुपारी गेलो. फादर मालवणाक गेल्ले. बाप्तिझ्म नाय म्हणान भिंतीच्या आत घेय नसत. तुझ्या सासऱ्यान टॉवेलात गुंडाळून नेल्यान. जाताना शिडी लावन् घराची दोन कौला काडल्यान.”

“कौला कित्या?”

“पावस पडता मां. लहान जीव. तेका छप्पर तरी होया.”

मी वर बघितलं. माजघरावरच्या छपरात दोन कौलं वेगळी आहेत, बाकीच्यांपेक्षा फिकट. सहा वर्षं मी ती बघत होते. माकडांनी फोडली असतील म्हणून नंतर बदलली, एवढंच मला वाटलं होतं.

बावीस कौलं. दोन-दोन. मी मनात भागाकार केला. अकरा. अकरा घरांनी आपापल्या डोक्यावरचं छप्पर काढून दिलं होतं, आणि मी त्याला बेवारस लिहिलं होतं.

“मिया तुका इचारलंय तेव्हा तू ‘नाय’ म्हणान सांगितलंस, माय.” माझा आवाज चढला होता. तिच्यावर चिडणं मला त्या क्षणी फार सोयीचं होतं.

“तू ‘कोण आसा’ म्हणान इचारलंस.” ती शांत होती. “नाव नाय, तो कोण कसो होतलो? चाळीस वर्सां कोणी माका इचारूक नाय. आणि तू बोटान लिवीत उभी. काय सांगू? पुसून टाकतलंस तर?”

मी तवा उचलून करपलेली सुकट बशीत काढली.

“तेंका नावा नाय,” माय म्हणाली, “म्हणान खंयचाय नाव आपला वाटता. पोरांची जात. हाक मारली काय धावतली. तू तर माइकार बोलावलंस.”

“मगे हिचा नाव...”

“हिका वाटता, ता आता आपला रवला नाय.”

मी ओट्याखाली वाकले. क्लॉडियाने वह्यांचं छप्पर हळूच नीट केलं, पडणार होतं म्हणून.

“बाकीच्यांच्यो आवशी खंय आसत?” मी उरलेल्या दहा आयांचं विचारलं.

“बऱ्योच मेल्यो. एक गोंयात झिलाकडे. दोगी हंयच आसत. जावन् इचार. ‘नाय’ म्हणतली. मिया म्हटलंय तशी.”

दुसऱ्या दिवशी बरोबर बाराला आम्ही तिघी वळणावर गेलो. वेळ मायने ठरवली. तिचा मुलगा त्याच वेळेला गेला होता. रस्ता पेटल्यासारखा तापलेला, डांबराचा वास, माणूस नाही. सड्यावरच्या पात्यांचा आवाज दर तीन सेकंदांनी रस्त्यावरून सरकत होता, आणि तो अंगावरून गेला की उन्हातही काटा यायचा. क्लॉडियाचा हात मी मनगटापाशी धरला होता. सुटू नये असा.

मायने छत्री मिटली. ईस्टरच्या आशीर्वादित पाण्याची बाटली ती घेऊन आली होती. कडेच्या पिवळ्या-काळ्या कठड्यापाशी ती वाकली, गुडघा टेकता येत नव्हता म्हणून कठडा धरला, आणि ते पाणी डांबरावर ओतलं. चर्र झालं. क्षणात वाळलं.

“रोझारियो,” ती म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. बाळंतिणीचा असतो तसा, थकलेला आणि मऊ. “तुझा नाव रोझारियो. तुझ्या आज्याचा. चाळीस वर्सां सांभाळून ठेवलंय. घे रे बाबा आता. दुसऱ्याचा घेव नको.”

आणि आवाज थांबला.

म्हणजे तो. घुस्स. एकाएकी नाही, आधी लांबला, मग अडखळला, मग राहिला. वर पाचही चक्क्या हळूहळू उभ्या राहिल्या. इतकं शांत झालं की चाफ्याचं एक फूल भिंतीवर पडलेलं मला ऐकू आलं.

त्या शांततेत मी अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हटलं, “क्लॉडिया.”

तिने मान वळवली. “काय?”

मी रस्त्यावरच बसले. चटका बसला तरी उठले नाही. तिला कुशीत घेऊन रडत होते तेव्हा वरून कंपनीची जीप उतरली.

“मॅडम? काय झालं?” गुरुप्रसाद सर. “घाबरू नका, ग्रिड गेलीय म्हणून थांबल्यात. पाच मिनिटांत सुरू होतील.”

“सर, ती कौलं नेमकी कुठे घातलीत? इथे, की पुढे?”

“कसली कौलं?” मग त्यांना आठवलं. “अच्छा, ती. तुम्हीच बेवारस लिहिलं होतं ना?”

“हो,” मी म्हटलं. “मीच.”

पाच मिनिटं नाही, तीनच लागली.

त्या दिवशी माय दुपारची झोपली, गाढ, तोंड उघडं टाकून, आणि संध्याकाळी उठून स्वतःच्या हाताने तिने तांदळाचे पोळे केले. स्टॅनलीला मी फोन केला की तुझी मुलगी बरी आहे. “मिया सांगितलंय मां,” तो म्हणाला. मीही झोपले. दोन दिवस सारखी झोपत होते. त्या दोघी म्हाताऱ्यांकडे जायचं मनात होतं. एकीच्या दारापर्यंत गेलेही. ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती. तिने बघितलं, हसली, “काय गो, चेडू बरा मां?” म्हणाली. मी हो म्हटलं आणि परत आले. माझी मला मिळाली होती. बाकीच्यांचं नंतर बघू, असं मी मनात म्हटलं. हेही लिहून ठेवते.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा जोराचा होता. पात्यांचा आवाज असा की भांडी घासताना भांडंही ऐकू येत नव्हतं. क्लॉडिया अंगणात काजूखाली खेळत होती. दारातून मला तिचा लाल फ्रॉक दिसत होता. मी ताट वाढलं आणि दारात जाऊन, त्या आवाजाच्या वर जाईल एवढ्या जोराने, आणि खरं सांगायचं तर ते नाव घ्यायच्या आनंदाने, हाक मारली.

“क्लॉडिया! क्लॉडियाऽऽ! जेवूक ये!”

पहिल्या हाकेलाच ती उठली. धावत आली. एवढी धावत की पायरीवर ठेचकाळली, तरी थांबली नाही. आत आली, वळली आणि मागचं दार लावून घेतलं. कडीला तिचा हात पुरत नाही. म्हणून तिने दाराला पाठ लावली, दोन्ही पाय जमिनीत रोवले आणि सगळा जोर लावून तशीच उभी राहिली.

मला हसू आलं. “ह्या काय गो? कोण येता पाठसून?”

तिने ओठावर बोट ठेवलं.

“ममा, हळू हाक मार,” ती कुजबुजली. “मोठ्यान मारलंस काय सगळी धावतत. दहा जणां आसत. रोझारियो तेवढो येणा नाय... तेका आपला नाव गावला.”